रिकाम्या चौकटीतलं कुंकू

मला जळायला फारसं काही लागत नाही. शेजारणीच्या कुंडीतल्या कढीपत्त्याला माझ्यापेक्षा जास्त पालवी फुटली तरी माझा दिवस खराब जातो. पण आयुष्यात ज्या माणसाचा मी सगळ्यात जास्त हेवा केला तो कुठल्या तरी जर्मन गावातला एक वैद्य होता, आणि तो मरून कित्येक शतकं झाली. त्याने एका पुस्तकाच्या समासात तापावरचा काढा लिहून ठेवला होता आणि खाली स्वतःचं नाव. बस, एवढंच त्याचं कर्तृत्व. त्या काढ्याने कोणाचा ताप उतरला की नाही देव जाणे, पण आजही ते पुस्तक कोणी उघडलं तर आधी त्याचं नाव वाचतो.

ते पुस्तक माझ्या ताब्यात आहे. भिवंडीजवळच्या पूर्णा गावात गोडाऊनांच्या ज्या रांगा आहेत त्यातल्या एका गाळ्यात मी ड्युटीला असते. आमच्या एका बाजूला डायपर, दुसऱ्या बाजूला कुकर आणि मिक्सर, आणि मध्ये आम्ही. आमच्याकडे मुंबईतल्या एका जुन्या संस्थेचं ग्रंथालय आहे. तिथल्या इमारतीचं छत दुरुस्तीला काढलं तेव्हा थोड्या दिवसांसाठी म्हणून सगळा संग्रह इकडे आणून ठेवला. छताचं काम अजून चालूच आहे. मी आधी भिवंडीतल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत होते, नारपोलीत राहते, ग्रंथालयशास्त्राची पदवी आहे, म्हणून मला घेतलं. मी आले तेव्हा वाटलं होतं, कपाटं मोजायची आणि चाव्या सांभाळायच्या. मग आतल्या खोलीतली ती लाकडी पेटी उघडली आणि मी कामातून गेले.

त्या पेटीत लॅटिन पुस्तकं होती. रोममधल्या जुन्या विचारवंतांची. राग कसा आवरावा, म्हातारपण कसं काढावं, मरणाला का घाबरू नये असल्या विषयांवरची. लिहिलेली दोन हजार वर्षांपूर्वी, पण या प्रती युरोपात छपाई नुकती सुरू झाली त्या काळातल्या. कागद झाडाचा नाही, जुन्या लिननच्या कपड्यांच्या चिंध्या कुजवून केलेला, त्यामुळे अजून मऊ. लॅटिन मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. लॉकडाऊनमध्ये बाहेरचे कापडाचे लूम बंद पडून नारपोली पहिल्यांदाच शांत झाली होती, तेव्हा मी घरी बसून फोनवर शिकले. आता शब्दकोश जवळ असेल तर पानाचा अर्थ लावता येतो. नवरा म्हणायचा, लोक पीठ मळायला शिकले, ही मेलेली भाषा शिकली.

या पुस्तकांची एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या काळचा छापखाना फक्त काळी शाई छापायचा. प्रकरणाचं पहिलं अक्षर मोठं, लाल किंवा निळं असायचं, आणि ते हाताने काढायचा मान दुसऱ्याच कारागिराचा. त्याच्यासाठी छापणारा चौकोनी जागा कोरी सोडायचा आणि इथे कुठलं अक्षर काढायचं ते त्याला कळावं म्हणून त्या चौकोनात बारीकसं अक्षर छापून ठेवायचा. आमच्या पेटीतल्या सगळ्यात जुन्या पुस्तकाच्या, म्हणजे त्या रागावरच्या पुस्तकाच्या, पहिल्या पानावर असा चौकोन आहे. तिथे रंगवणारा आलाच नाही. का आला नाही ते आता कोणाला माहीत नाही. पुस्तक विकलं गेलं, हातोहात फिरलं, समुद्र ओलांडून मुंबईला आलं, आणि चौकोन तसाच राहिला.

बाकीचं पान मात्र भरलेलं आहे. एका मठातल्या साधूने आपल्या मठाचं नाव टाकलंय. वैद्याचा काढा आहेच. कोणा विद्यार्थ्याने महत्त्वाच्या ओळीकडे बोट दाखवणारे छोटे छोटे हात काढलेत समासात, मनगटावरच्या झालरीसकट. एकाने दारूचा पेला ठेवलाय, त्याचा गोल डाग. आजकालचे अभ्यासक या सगळ्यांची नोंद करतात. पुस्तक कोणाकोणाच्या हातून गेलं, कोणी काय खूण ठेवली, याला आता मजकुराइतकीच किंमत आहे. दारू सांडणारासुद्धा नोंदीत जातो. आणि मी? माझ्या टेबलावर पेन ठेवायचीसुद्धा बंदी. फक्त पेन्सिल. चहा खोलीबाहेर. हात धुऊन, कोरडे करून, मगच पान उलटायचं. राखणदाराचं कौतुक एकच, की तो येऊन गेल्याचं कोणाला कळू नये. हे मला पटत होतं आणि तरीही त्या यादीत मला यायचं होतं. कोणालाही बोलले नव्हते. पण पेटीला कुलूप लावताना रोज पोटात दुखायचं.

अशात सूनबाई आली.

आमचं गोडाऊन ज्या जमिनीवर उभं आहे ती जमीन गावातल्या एका आगरी घराची. जमीन भाड्याने देताना घरातल्या दोघा-तिघांना कामावर घ्यायचं, हा इकडचा रिवाजच आहे. थोरला मुलगा सिक्युरिटीचं बघतो, धाकट्याची बायको आमच्याकडे मदतनीस म्हणून आली. सगळे तिला सूनबाईच म्हणायचे, मीही. कोपरापर्यंत बांगड्या, हसरी, बारावी झालेली. मी म्हटलं, चला, आता डोक्यावर मिऱ्या वाटायला एक आली. पण ती कामाला चांगली निघाली. आठवड्याभरात पेटीतली आर्द्रता कशी वाचायची ते शिकली, धूळ काढायचा मऊ ब्रश माझ्यापेक्षा हलका फिरवायची. मुंबईचे साहेब फोन करायचे ते तिची चौकशी आधी करायचे. डायपरवाले, कुकरवाले, सगळे तिच्याशी बोलायला थांबायचे. माझ्याशी त्यांचं बोलणं पार्किंगपुरतं.

एकदा तिने विचारलं, "ताई, या मोठ्या पुस्तकात काय हाय?"

"राग आवरावा कसा ते लिहिलंय."

"मंग तुमी वाचला न्हाय का अजून?"

आणि हसत ब्रश धुवायला गेली. मला राग यायला हवा होता, आला नाही, याचाच राग आला.

दसऱ्याला आम्ही घरचे सगळे दरवर्षी नागपूरला जातो. आमच्या घरासाठी तो दिवस बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेचा. हळदकुंकू, शस्त्रपूजा यातलं आमच्या घरी काही नाही. सूनबाईच्या घरी आहे. आणि गोडाऊनांमध्ये तर दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघायलाच नको. खंडेनवमी म्हणजे हत्यारांची पूजा. फोर्कलिफ्टला झेंडूचा हार, वजनकाट्याला हार, बारकोडच्या स्कॅनरला कुंकवाचा टिळा. भिवंडीत लूमलाही असाच लागतो, बंद लूमलासुद्धा. मी जायच्या आधी तिला बजावलं होतं की खोलीत अगरबत्ती लावायची नाही, दिवा लावायचा नाही, फुलं न्यायची नाहीत. ती म्हणाली, न्हाय नेत. आणि तिने शब्द पाळला. तीन गोष्टी मी सांगितल्या, त्या तिने केल्या नाहीत. कुंकवाचं मी बोललेच नव्हते. पुस्तकाला कुंकू लागू शकतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही, कारण आमच्या घरी ते कशालाच लागत नाही.

नागपूरहून परत आल्यावर मला घाई होती. संस्था या लॅटिन पुस्तकांची सूची छापणार होती आणि त्यासाठी एक विदुषी येणार होत्या. मूळच्या गोव्याच्या, पण उभं आयुष्य रोममधल्या ग्रंथालयांत गेलेल्या. मी त्यांच्यासाठी सगळ्यात आधी रागावरचं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडलं, आणि माझे डोळे पांढरे झाले. चौकोनात, त्या बारीक अक्षराच्या बरोबर खाली, कुंकवाचा ठिपका. ओल्या बोटाने लावलेला, गोल, घट्ट बसलेला.

सूनबाईला हाक मारली. ती आली ती कौतुकाच्या अपेक्षेने.

"सगल्यांची पूजा झाली ताई. गाडीची झाली, ए.सी.च्या मशीनची पन झाली. पुस्तकांनी काय घोडा मारलाय? आपली हत्यारं हीच ना?"

"सगळ्या पुस्तकांना लावलंस?" मी विचारलं.

"न्हाय. तुमीच सांगलेला, ह्यो सगल्यांत मोठा. मोठ्याला लावला म्हंजे सगल्यांना पोचला. आनि त्यात जागा पन सोडलेली व्हती. लग्नाच्या पत्रिकेला कशी सोडतात, तशी."

मी तिला काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. पायाची आग मस्तकात गेली होती. तुझ्या सासऱ्याची जमीन आहे म्हणून पुस्तकंही तुमचीच झाली का, असं बोलले, ते आठवतं. नोकरी जाईल तुझी, हेही बोलले. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "पुसून टाका ना मंग." मी म्हटलं, हे काय पाटीवरचं आहे? खरं तर सुटी पूड ब्रशने निघाली असती, थोडा डाग राहिला असता. मी ब्रश हातात घेतलाही होता. पण लावला नाही. आणि का लावला नाही ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मी त्या चौकोनाकडे वर्षानुवर्षं बघत आले होते. तिथे लाल यायला हवं होतं हे भिवंडीत फक्त मला माहीत होतं. आणि लाल आलं ते हिच्या हातून, काही माहीत नसताना, करंगळीशेजारच्या बोटाने, पत्रिकेची जागा समजून. मला ती चूक बघवत नव्हती आणि पुसवतही नव्हती. इतकी मी जळत होते.

मी मुंबईला फोन केला नाही. विदुषी येणारच होत्या, त्या बघतील आणि त्याच काय ते करतील, असं ठरवलं. सूनबाई दोन दिवस डब्यातलं धड जेवली नाही. घरी काही बोलली नव्हती. तिला भीती नोकरीची होती, कारण तिच्या घरात भाड्याचा पैसा रग्गड असला तरी तिच्या स्वतःच्या हातात येणारा पगार हा पहिलाच. मला ते माहीत होतं आणि तरी मी तिच्याशी बोलले नाही.

विदुषी आल्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस कापलेले, बोलणं गोव्याच्या हेलाचं मराठी. त्यांनी हात धुतले, पुसले, पुस्तक उशीवर ठेवून उघडलं. मग भिंग काढलं. मी शेजारी उभी. सूनबाई दाराशी, चहाचा ट्रे बाहेरच्या टेबलावर ठेवून तिथेच थांबलेली.

वरपासून खालपर्यंत सगळं पान त्यांनी त्यातून बघितलं. मग भिंग खाली ठेवलं आणि हसल्या.

"हे कुंकू का?"

"हो," मी म्हटलं.

"किती दिवसांपूर्वीचं?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं."

"म्हणजे रंगवणारा शेवटी आला तर," त्या म्हणाल्या. आणि त्या चौकोनाची सगळी गोष्ट त्यांनी मला सांगायला सुरुवात केली, जी मला त्यांच्याइतकीच माहीत होती. मी मान हलवत राहिले. अशी जागा एखाद्या प्रतीत राहून जाते, त्या म्हणाल्या, आणि मग कोणी धनिक ती कारागिराकडून भरून घेतो, ते खोटं दिसतं. पण हे पूजेचं आहे. हे कोणी पुस्तक चांगलं दिसावं म्हणून केलेलं नाही. मी हे सूचीत घेणार, असं म्हणाल्या. पुसायचं नाही.

मग त्यांनी पेन्सिल उचलली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही लावलंत?"

सूनबाई दारात खाली बघत उभी. ती तोंड उघडणार नव्हती. नोकरीच्या भीतीने तिने माझ्या 'हो'ला मान डोलावली असती, वर माझे उपकार मानले असते. एक अक्षर बोलायचं होतं. त्या वैद्याच्या, त्या साधूच्या रांगेत जाऊन बसले असते मी, कायमची. हो म्हणावंसं वाटलं. नुसतं वाटलं नाही, शब्द दातांपर्यंत आला होता. आणि मग डोळ्यांपुढे आलं ते नागपूरच्या गर्दीत माझ्याशेजारी चालणाऱ्या माझ्या आईचं कपाळ. तिने उभ्या आयुष्यात, सवाष्ण असतानाही, कुंकू लावलं नाही, आणि त्यावरून शेजारणींचं पुष्कळ ऐकलं. तिच्या लेकीने पुस्तकात शिरायचं आणि तेही कुंकवाच्या नावावर? माझ्या हाताने तो ठिपका आलाच नसता. ते मला माहीत होतं.

"नाही," मी म्हटलं. "हिने."

आणि तिचं पूर्ण नाव सांगितलं. त्यांनी ते माझ्यासमोर लिहून घेतलं.

सूनबाई ढसाढसा रडायला लागली. तिला वाटलं मी तिला पकडून दिलं. विदुषींनी तिला जवळ बोलावून परत परत समजावलं की तिने काही बिघडवलेलं नाही. तिने मान हलवली, पण बघत होती माझ्याकडे, आणि जे बघणं होतं ते काही चांगलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. डबा कुकरवाल्यांच्या बायकांबरोबर खायला लागली. मी मनात म्हटलं, वा रे नशीब. जे मला हवं होतं ते हिला फुकट मिळालं, मी स्वतःच्या तोंडाने देऊन टाकलं, वर दुश्मनही मीच झाले.

पावसाळ्याच्या तोंडावर सूची छापून आली. जाडजूड, गुळगुळीत कागदाची, इंग्रजीत. साहेबांनी दोन प्रती पाठवल्या, एक माझ्यासाठी, एक गोडाऊनसाठी. मी आधी एकटीने वाचली. रागावरच्या पुस्तकाची नोंद चांगली मोठी होती. मठ होता, वैद्य होता, काढ्यातल्या औषधींची नावंही होती. दारूचा गोल डाग होता. आणि शेवटी लिहिलं होतं की पहिल्या अक्षराच्या रिकाम्या जागेत कुंकवाचा ठिपका आहे, तो भिवंडीत शस्त्रपूजेच्या दिवशी पुस्तकाच्या राखणदार बाईंनी लावला. पुढे सूनबाईचं नाव. राखणदार. मी तो शब्द परत वाचला. तो शब्द माझा होता, दुसऱ्या कोणाचाही नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. प्रस्तावना उघडली. तिथे गोडाऊनमधल्या कर्मचाऱ्यांचे आभार मानले होते, सगळ्यांचे एकत्र, एका ओळीत. त्यात मी होते आणि बहुधा सिक्युरिटीही होता.

दुपारी सूनबाई आली. तिला कोणीतरी सांगितलं होतं की तिचं नाव छापून आलंय. ती माझ्यासमोर उभी राहिली. पहिल्यांदाच आपणहून.

"कुठं हाय?"

मी पान काढून दिलं. तिने आपलं नाव शोधलं, त्याच्यावर बोट ठेवलं. मी तिला वरपासून मराठीत सांगितलं. साधू, वैद्य, दारूवाला आणि मग ती. ती ऐकत होती. दारूवाल्याला हसली.

"म्हंजे शंभर वर्सांनी पन कोन वाचल तर मी असनार?"

"असणार."

"सासऱ्यांचा नाव न्हाय ना यात?"

"नाही. तुझंच."

मग तिने सूची स्वतःकडे ओढून घेतली आणि खाली-वर शोधायला लागली, इंग्रजी धड येत नसताना. "आनि तुमचा कुठं हाय?"

मी टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली.

"ताई, तुमचा कुठं हाय? रोज तर तुमीच बघताव ह्या पुस्तकाला. माझ्या आधीपासना."

नोंदीच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात, प्रतीच्या अवस्थेबद्दल दोन ओळी होत्या. मी तिचं बोट उचलून तिथे ठेवलं आणि वाचून दाखवलं: प्रत अतिशय स्वच्छ आहे, या ठिपक्याशिवाय अलीकडच्या काळातली एकही खूण तिच्यावर नाही.

"ही मी," मी म्हटलं.

तिला ते पटलं नाही. मलाही.